मानसशास्त्रात ऑनर्स करायचंय? कोल्हापुरात नव्यानं येणाऱ्यांसाठी

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी कागलकडच्या एक मावशी लेकीला घेऊन उभ्या होत्या. फॉर्मवर ‘मानसशास्त्र’ लिहिलेलं बघून त्यांनी मला हळूच विचारलं, “बाई, हे शिकल्यावर हिला समोरच्याच्या मनातलं कळंल व्हय?” मी म्हटलं, “नाही मावशी. उलट आज जे कळतंय असं हिला वाटतं, त्यातलं निम्मं हिचं हिलाच खरं वाटेनासं होईल.” मावशींचा चेहरा पडला. लेक मात्र हसली आणि तिनं प्रवेश घेतला.

मी कोल्हापुरात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. गारगोटीहून एसटीनं ये-जा करत याच गावात शिकले. दरवर्षी नवी मुलं तेच प्रश्न विचारतात आणि त्याच खड्ड्यांत पडतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

फॉर्म भरण्याआधी

आमच्या वेळी तीन वर्षांचं बीए असायचं आणि शेवटच्या वर्षी ‘स्पेशल सायकॉलॉजी’ घेतलं की झालं. आता नव्या शैक्षणिक धोरणानं घडी बदलली. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष पूर्ण केलंत तर ऑनर्स. म्हणजे प्रवेश घेताना कुणी ‘ऑनर्सला घेतलं’ असं म्हणत असेल, तर त्याचा अर्थ चौथ्या वर्षाची वाट खुली आहे एवढाच. ऑनर्स अजून हातात आलेलं नाही.

चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत. एक साधं ऑनर्स, त्यात जास्तीचे विषय शिकायचे. दुसरं संशोधनासह ऑनर्स, त्यात १२ क्रेडिटचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा. दुसऱ्यासाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, अट आहे: पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के किंवा त्याहून जास्त. ही अट पोरांना तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कळते आणि मग पहिल्या सेमिस्टरला ‘पास झालो, बास’ म्हणून सोडून दिलेले मार्क आठवतात. तुम्हाला आत्ताच कळली, हे बरं झालं.

क्रेडिटचा हिशेब सोपा आहे. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे साधारण ३० तास म्हणजे एक क्रेडिट. चार वर्षांना यूजीसीच्या चौकटीत किमान १६० क्रेडिट लागतात, आपल्या राज्यात हा आकडा १७६ पर्यंत जातो. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली, ओजेटी (कामाच्या जागी जाऊन प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट असं बरंच काही येतं. हे सगळं पाठ करायची गरज नाही. ‘मेजर मानसशास्त्रच’ हे कागदावर नीट लागलंय ना, ते कधी पक्कं होतं आणि नंतर बदलता येतं का, एवढं ऑफिसात विचारून घ्या. एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढायला सांगतील, तो काढा. तुमची क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात.

कॉलेज निवडताना मात्र तीन गोष्टी स्वतः जाऊन बघा. चौथं वर्ष याच कॉलेजात मानसशास्त्रात सुरू आहे का? विभागात पीएचडीचे मार्गदर्शक आहेत का? आणि प्रयोगशाळा कुठाय? तिसरा प्रश्न विचारला की काही ठिकाणी शिपाईमामा किल्ली शोधायला लागतात. किल्ली सापडायला किती वेळ लागतो, ते मनात नोंदवा. मानसशास्त्राला प्रयोगशाळा असते हेच पुष्कळांना माहीत नसतं; खरं तर या विषयाचा वाढदिवसच प्रयोगशाळेवरून धरतात. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंटनं जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून हे तत्त्वज्ञानापासून वेगळं शास्त्र झालं. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतंत्र विभाग उभा राहिला.

अकरावी-बारावीला मानसशास्त्र नव्हतं तरी चालतं. सायन्स सोडून आलेली मुलं उलट पुढे चांगली टिकतात, कारण त्यांना आकड्यांची भीती नसते. घरबसल्या करायचा विचार असेल तर तो रस्ता बंद झालाय: २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे. कुणी अजून तसा प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका.

राहणं, पैसे, वाचनालय

यावर फार लिहीत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, त्यामुळे या गावात बाहेरच्या पोरांची सोय लावणं नवं नाही. दसरा चौकाच्या आसपास नुसतं फिरलात तरी तो इतिहास दिसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलच्या रांगेत दिवस जातात. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे.

वाचायला शांत जागा हवी असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं. आणि विद्यानगरला शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. तिथं संशोधनाची नियतकालिकं मिळतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षापासून तिकडे पाय वळवावेच लागतात. रंकाळ्यावर पुस्तक घेऊन जाणारी मुलं भेळ खाऊन परत येतात. मीही तेच केलंय.

पहिलं सेमिस्टर: शब्दांची लढाई

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून आपण मागे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. खरी अडचण अशी की मानसशास्त्राचे मराठी शब्दही आपल्याला मराठी म्हणून कळत नाहीत. त्यात पुस्तकांचं एकमत नाही. एका पुस्तकात सेन्सेशनला ‘वेदन’ आणि पर्सेप्शनला ‘संवेदन’, दुसऱ्यात सेन्सेशनलाच ‘संवेदन’. दोन पुस्तकांच्या नोट्स एकत्र करून लिहिलेलं उत्तर मग असं होतं की तपासणाऱ्यालाच कळत नाही, पोरगं कान म्हणतंय की कानानं ऐकलेल्याचा अर्थ म्हणतंय.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक दोनशेपानी वही फक्त शब्दांसाठी ठेवा. प्रत्येक पानावर तीन गोष्टी: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि आपल्या घरातलं एक उदाहरण. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, आपलंच हवं.

‘नकारात्मक प्रबलन’ घ्या. दरवर्षी वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना ही शिक्षा वाटते, कारण नावातच ‘नकारात्मक’ आहे. पण प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट. डोकं दुखत होतं, गोळी घेतली, दुखणं थांबलं. पुढच्या वेळी तुम्ही लगेच गोळी शोधता. नकोशी गोष्ट निघून गेली म्हणून गोळी घेणं वाढलं, हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेनं वर्तन कमी होतं. एका मुलीनं तिच्या वहीत लिहिलं होतं: ‘आई भांडी घासेपर्यंत बोलत राहते. मी घासायला उठले की गप्प होते. म्हणून आता मी ती बोलायच्या आत उठते.’ असं लिहिणाऱ्या मुलीला व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कुणी अडवू शकत नाही. (पुढे मी तिला विचारलं, यात आईला कोण प्रबलन देतंय? ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, “मीच की!”)

परीक्षेत मराठीत उत्तर लिहा, बिनधास्त लिहा. फक्त संज्ञा पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी तिचं इंग्रजी नाव द्या. वाचन मात्र दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीत सुरू करावंच लागेल. रोज एक पान, डिक्शनरी घेऊन. संशोधनाचं लिखाण जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि पुढे नेटची (प्राध्यापकीसाठीची) परीक्षाही मराठीत नसते. सहा महिने रडत वाचलं की सातव्या महिन्यात रडू येत नाही.

प्रॅक्टिकल: इथं खरं शिकायला मिळतं

प्रॅक्टिकलला दोघं लागतात: प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. मैत्रिणीला प्रयुक्त करून, चहा प्यायला नेऊन, आकडे मनानं भरून जर्नल (प्रयोगवही) पूर्ण करायची एक जुनी परंपरा आहे. ती पाळू नका. नीतीचं प्रवचन देत नाही; मनानं भरलेले आकडे लगेच ओळखू येतात. खऱ्या माणसाचे आकडे वेडेवाकडे असतात, खोटे आकडे पायरीपायरीनं छान उतरतात.

माझा आरशातल्या चांदणीचा प्रयोग सांगते. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी असते. समोर आडोसा, त्यामुळे हात दिसत नाही. आरशात मात्र चांदणी आणि हात उलटे दिसतात. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेघ ओलांडली की चूक. वेळ आणि चुका मोजायच्या. आधी डाव्या हातानं एकदा, मग उजव्या हातानं दहा वेळा सराव, मग पुन्हा डाव्या हातानं. उजव्या हातानं शिकलेलं डाव्या हातात किती उतरतं, हे बघायचं असतं.

माझा प्रयुक्त होता माझा आतेभाऊ. तालमीत मेहनत करणारा, मनगट माझ्या दंडाएवढं. पहिल्या कोपऱ्यावरच त्याची पेन्सिल अडकली. हात पुढे न्यायचा तर तो मागे नेई, मग चिडून जोरात ओढी आणि कागद फाटे. कपाळावर घाम. “आक्के, हात माझा हाय, पर ऐकंना झालाय,” म्हणाला. पहिल्यांदा डाव्या हाताला २१२ सेकंद लागले. उजव्याचा सराव झाल्यावर डाव्या हाताला ९६. मी आनंदानं जर्नलमध्ये लिहिलं, ‘शिकण्याचे संक्रमण झाल्याचे सिद्ध होते.’

एक्स्टर्नल, म्हणजे परीक्षक, आले होते बाहेरून. जर्नल चाळत त्यांनी शांतपणे विचारलं, “डाव्या हातानं त्यानं एकदा आधी केलं होतं ना? मग तो त्या पहिल्या खेपेलाच शिकला नसेल कशावरून?” मी गप्प. “उजव्या हाताचा सराव न देता, नुसतं बसवून ठेवलेला दुसरा कुणी प्रयुक्त घेतला होता का?” नव्हता घेतला. त्याला नियंत्रित गट म्हणतात, आणि त्याची व्याख्या मला पाठ होती. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मला पहिल्यांदा समजलं की व्याख्या पाठ असणं आणि नियंत्रित गट लागतो हे सुचणं, यांत किती अंतर आहे.

जर्नल लिहिताना म्हणूनच ‘सिद्ध झाले’ हा शब्द टाळा. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ‘दिसून आले’ लिहा, आणि खाली दोन ओळींत लिहा की आणखी कशामुळे असं दिसलं असेल. प्रयुक्त प्रयोग करताना काय बोलला तेही लिहा. त्याला अंतर्निरीक्षणाचा रकाना असतो, मुलं त्यात ‘प्रयुक्ताला प्रयोग आवडला’ असं लिहून मोकळी होतात. ‘हात ऐकंना झालाय’ हे त्या रकान्यात लिहायचं होतं, मी नाही लिहिलं.

चाचण्या हाताळताना एक पथ्य: रेव्हनच्या आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी घ्या किंवा आणखी कुठली, तिचे प्रश्न आणि उत्तरं मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. ६० आकृत्यांची ती चाचणी एकदा व्हॉट्सअॅपवर फिरली की तिचा उपयोग संपला. आणि बुद्धिमापनाच्या तासाला बिने-कामत चाचणीचं नाव येईल तेव्हा कान टवकारा. व्ही. व्ही. कामतांनी धारवाडकडे राहून बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. धारवाड आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. फ्रान्समध्ये तयार झालेली चाचणी आपल्या पोरांना तशीच देऊन चालत नाही, हा धडा आपल्या शेजारीच गिरवला गेलाय.

स्टॅट: म्हशीचं दूध

सायकॉलॉजी सोडून जाणारे बहुतेक जण स्टॅटमुळे, म्हणजे संख्याशास्त्रामुळे, जातात. मी गणिताला घाबरूनच आर्ट्सला आले होते, त्यामुळे त्यांची बाजू कळते. पण हे गणित दहावीच्या पुढचं नाही. बेरीज, वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ. आणि कॅल्क्युलेटर चालतो.

वर्गात मी प्रमाण विचलन असं शिकवते. दोन म्हशी आहेत. पहिलीनं पाच दिवस दूध दिलं ७, ८, ९, ८, ८ लिटर. दुसरीनं ३, १३, ५, १२, ७. दोघींची बेरीज ४०, दोघींचं मध्यमान ८. सरासरीवर गेलात तर दोघी सारख्या. पण रतीब घातलेला माणूस दुसरी म्हैस घेईल का? करवीर, पन्हाळ्याकडची पोरं एका सुरात ‘न्हाई’ म्हणतात. का नाही, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक दिवस आठपासून किती लांब ते काढा, त्याचा वर्ग करा, बेरीज करा, पाचनं भागा, वर्गमूळ काढा. पहिलीचं येतं साधारण ०.६, दुसरीचं ३.९. झालं. (हे पाच दिवस नमुना म्हणून घेतले असतील तर पाचऐवजी चारनं भागायचं, का, हे तुमच्या सरांना विचारा आणि त्यांनी टाळलं तर पुन्हा विचारा.)

हे हातानं दहा-बारा वेळा करा. टी-टेस्टही (दोन सरासरींतला फरक तपासायची पद्धत) हातानं करा. ती काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनीज कंपनीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. थोड्या नमुन्यांवरून मालाचा अंदाज बांधायची त्याची अडचण होती आणि १९०८ मध्ये त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं ती पद्धत छापली. हातानं जमलं की मग जामोवी किंवा जास्प हे सॉफ्टवेअर वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी सीडी घेण्याचे दिवस गेले.

स्टॅट शिकल्यावर पाठ्यपुस्तकाकडेही वेगळ्या नजरेनं बघता येतं. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यातल्या जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा तसा लक्षणीय निष्कर्ष आला. वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेल्या नोट्समध्ये हे नसतं. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी करून केलेला प्रयोग) तिथं अजून वेदवाक्यासारखा लिहिलेला असतो. त्यावर पुढे झालेली कडक टीका वाचल्याशिवाय तो उत्तरात घालू नका. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स आदल्या रात्री चाळायला ठीक आहेत. त्यांच्यावर ७५ टक्के पडत नाहीत.

ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट

मतिमंद मुलांच्या शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले एचआर विभाग, अशा ठिकाणी मुलं जातात. कुठंही जा, पण जाताना ‘आपण उपचार करायला आलोय’ हे डोक्यातून काढून जा. पहिले पंधरा दिवस फक्त बघायचं आणि लिहायचं. तुमच्या वहीत ‘मुलगा चिडखोर आहे’ असं असेल तर ते खोडा. ‘दुपारी साडेबारा ते एक या वेळात तीनदा ताट ढकललं, तिन्ही वेळा शेजारचा मुलगा त्याच्या ताटाला हात लावत होता’ असं लिहा. पहिलं वाक्य तुमचं मत आहे. दुसऱ्यावरून शाळेतल्या बाई काहीतरी करू शकतात. निदान जागा तरी बदलतील. तिथल्या माणसांची नावं वहीत लिहायची नाहीत, रिपोर्टमध्ये तर नाहीच, आणि सेल्फी अजिबात नाही.

संशोधन प्रकल्प

चौथ्या वर्षाला आलात, ७५ टक्के जमले, मार्गदर्शक मिळाले. आता विषय. दहापैकी सात मुलं येतात ती ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या अमुक-तमुकचा तुलनात्मक अभ्यास’ घेऊन. माझा पहिला प्रश्न असतो, वडणगेचं पोरगं कुठं घालणार? पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की ते कोल्हापुरात. दिवसभर कॉलेजात, संध्याकाळी गोठ्यात, रात्री इन्स्टावर. फॉर्मवर त्याचा पत्ता ग्रामीण. मग तुम्ही नेमकं काय मोजताय? पत्ता, की प्रवासाचे तास, की घरातलं काम? यातलं एक निवडलंत की विषय आपोआप बारीक आणि चांगला होतो. ‘रोज दोन तासांहून जास्त एसटीनं ये-जा करणारे आणि हॉस्टेलवर राहणारे’, हे मोजता येतं.

नंतर प्रश्नावली. इंग्रजी प्रश्नावली गूगलवर टाकून मराठी करू नका. ‘फीलिंग ब्लू’चं ‘निळं वाटणं’ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पद्धत अशी: एकानं मराठी करायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, मग दोन इंग्रजी शेजारी ठेवून फरक बघायचा. त्याआधी मूळ लेखकाची परवानगी लागते का ते तपासा. ईमेल केला तर पुष्कळ जण उत्तर देतात. तयार मराठी रूपांतर आधीच झालंय का, तेही शोधगंगा या संकेतस्थळावरच्या प्रबंधांत बघा, कष्ट वाचतील.

आता माझी फजिती. एमएच्या प्रकल्पाला मी ताणाची दहा प्रश्नांची प्रश्नावली घेतली होती, शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ४० पैकी. जितके जास्त तितका ताण. १२० जणांकडून भरून घेतली. पावसाळ्यात, छत्री सांभाळत, एकेका होस्टेलच्या पायऱ्या चढून. रात्री जागून गुण भरले, बेरजा केल्या, निष्कर्ष लिहिले. विश्वसनीयतेचा गुणांक (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला तर लाजिरवाणा आला. काही प्रश्न बाकीच्यांच्या उलट दिशेला पळत होते. दोन दिवस मी समजत होते की कोल्हापूरची मुलंच वेगळी आहेत. त्यावर अर्धं पान लिहूनही काढलं होतं!

झालं होतं असं की त्या दहांतले चार प्रश्न, चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा, सुलट आहेत. ‘अडचणी हाताळता येतील असा विश्वास वाटला का’ या धर्तीचे. त्यांना ‘नेहमी’ म्हटलं तर ताण कमी. त्यांचे गुण उलटे करून धरायचे असतात: ४ चे ०, ३ चे १. हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. मी प्रश्न वाचले होते, सूचना वाचल्या नव्हत्या. १२० फॉर्म पुन्हा बसून. तुम्ही एक्सेलमध्ये सूत्र घालून पाच मिनिटांत कराल. पण आधी पाच फॉर्म हातानं तपासा, मगच बाकीचे भरा.

संमतीपत्र प्रत्येकाचं घ्या. अठराच्या आतलं कुणी असेल तर पालकांची संमती आणि त्या मुलाचाही होकार, दोन्ही. ‘केव्हाही थांबू शकता’ हे वाक्य नुसतं छापू नका, तोंडानंही सांगा. ताणाची, नैराश्याची प्रश्नावली भरताना कुणी रडायला लागलं तर फॉर्म बाजूला ठेवायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक संमतीपत्राच्या तळाशी छापा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो.

स्वतःला काय म्हणवून घ्यायचं

दुसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की वर्गातल्या प्रत्येकाला वाटतं, हे मला आहे. मग घरच्यांना आहे. मग मित्राच्या एक्सला नक्की आहे. पुस्तकात लक्षणांच्या यादीनंतर एक छोटी ओळ असते, किती काळ आणि किती त्रास. ती वाचली की यातलं पुष्कळ मावळतं. ज्यांचं मावळत नाही त्यांनी विभागातल्या कुणाशी तरी बोलावं, लाजायचं काही नाही. मी बोलले होते. आणि घरच्यांचं निदान जेवणाच्या ताटावर करायचं नाही. माझ्या मामांना मी एकदा ‘निष्क्रिय-आक्रमक’ म्हणाले होते. दोन दिवाळ्या गेल्या, तरी ते मला ‘या डॉक्टरीणबाई’ म्हणत होते.

आता पाटीचा प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. त्यासाठी बरीच वर्षं एमएनंतर दोन वर्षांचा एमफिल हा रस्ता होता. यूजीसीनं २०२२ मध्ये एमफिल बंद केला तेव्हा क्लिनिकलला काही वर्षांची मुदत दिली आणि आता आरसीआयचे नवे अभ्यासक्रम येत आहेत. तुम्ही चौथ्या वर्षाला पोहोचाल तेव्हा आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. चौकातल्या फ्लेक्सवर ‘तीन महिन्यांत समुपदेशक’ असं लिहिलेलं असेल तर त्या यादीत ते नाव शोधा.

ऑनर्स झालं म्हणजे समुपदेशक झालात असं नाही. पण हात रिकामेही नसतात. चार वर्षांचं ऑनर्स असेल तर एमए एका वर्षात करता येण्याची सोय नव्या चौकटीत आहे, तीन वर्षांवर थांबलात तर एमए दोन वर्षांचं. एचआर, संशोधन सहायक, शाळांमधली पूरक कामं, सामाजिक संस्था इथं आकडेवारी हाताळता येणाऱ्याला आधी बोलावतात, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांचं बघते.

कागलच्या त्या मावशींची लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जर्नल दाखवायला आली होती. आरशातल्या चांदणीचाच प्रयोग, प्रयुक्त म्हणून आईच. अंतर्निरीक्षणाच्या रकान्यात मावशींचे शब्द जसेच्या तसे: ‘असलं उलटं शिकवतात व्हय तुमास्नी?’ खाली तिनं दुसरा तक्ता जोडला होता. सराव न दिलेली शेजारची काकू, नुसती बसवून ठेवलेली, तिचेही आकडे.